चार्ली ख्रिश्चन

चार्ल्स हेन्री ऊर्फ चार्ली ख्रिश्चन (जन्म: २९ जुलै १९१६, बॉनम, टेक्सास, मृत्यू: २ मार्च १९४२, स्टेटन आयलंड, न्यू यॉर्क) हे अमेरिकन जॅझ गिटारवादक होते. ध्वनिवर्धकाला जोडलेल्या विद्युत गिटारला जॅझमध्ये एकलवादनाचे स्थान मिळवून देणाऱ्या वादकांत त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदातील दोन वर्षांहूनही कमी काळाच्या वादनावर त्यांची कीर्ती मुख्यतः उभी आहे. अल्पायुष्य आणि अपुरी कागदपत्रे यांमुळे त्यांच्या चरित्रात अनेक चुका व आख्यायिका शिरल्या. त्यांतील काही अद्यापही पुस्तकांतून आणि तबकड्यांच्या वेष्टनांवरून पुनरावृत्त होताना दिसतात.

जन्मवर्ष आणि जन्मस्थान

जुन्या संदर्भग्रंथांत ख्रिश्चन यांचा जन्म १९१९ साली डॅलस येथे झाला असे नोंदवलेले आढळते. प्रत्यक्षात त्यांचा जन्म १९१६ साली टेक्सासच्या उत्तर भागातील बॉनम या लहान गावी झाला. ते लहान असतानाच कुटुंब ओक्लाहोमा सिटी येथे स्थायिक झाले.

हा फरक केवळ तीन वर्षांचा असला तरी त्यामुळे चरित्राचा अर्थ बदलतो. १९१९ हे वर्ष धरल्यास गुडमन यांच्याकडे येताना ते वीस वर्षांचे ठरतात आणि मृत्यूसमयी बावीस वर्षांचे. त्यातून कोठूनही अकस्मात प्रकट झालेल्या बालप्रतिभेचे चित्र उभे राहते. १९१६ हे वर्ष धरल्यास ते अनुक्रमे तेवीस आणि पंचवीस वर्षांचे ठरतात. मधल्या काळात ओक्लाहोमा व आसपासच्या राज्यांत फिरणाऱ्या वाद्यवृंदांबरोबर त्यांनी केलेली व्यावसायिक उमेदवारी मग नजरेआड करता येत नाही. अल्फॉन्सो ट्रेंट यांच्या वृंदातील त्यांचे वादन याच काळातील आहे.

बालपण आणि शिक्षण

वडील क्लॅरेन्स हेन्री हे स्वतः वादक होते. त्यांची दृष्टी गेल्यानंतर ते आपल्या मुलांना बरोबर घेऊन वस्त्यांमधून गात-वाजवत उपजीविका करीत. ओक्लाहोमा सिटीतील डग्लस शाळेत झेलिया ब्रो यांच्या मार्गदर्शनाखाली संगीतशिक्षणाची भक्कम परंपरा होती. कादंबरीकार राल्फ एलिसन त्याच शाळेचे विद्यार्थी होते व ख्रिश्चन कुटुंबाला ओळखत होते. एलिसन यांनी १९५८ साली लिहिलेला लेख या काळाविषयीचे महत्त्वाचे साधन मानला जातो. शाळकरी चार्लीने सिगारच्या खोक्यांपासून गिटारी तयार केल्याची आठवण त्या लेखात आहे. ख्रिश्चन हे संगीताचा संस्कार नसलेले स्वयंभू वादक होते, हा समज या माहितीपुढे टिकत नाही.

‘पहिले विद्युत गिटारवादक’ हा दावा

ख्रिश्चन यांना जॅझमधील पहिले विद्युत गिटारवादक म्हणण्याचा प्रघात आहे. तो चुकीचा आहे. गिब्सन कंपनीची ईएस-१५० ही गिटार १९३६ साली बाजारात आली होती. त्याआधी १९३५ मध्ये बॉब डन यांनी मिल्टन ब्राउन यांच्या वृंदात विद्युत स्टील गिटार वाजवून ध्वनिमुद्रणे केली होती. मार्च १९३८ मध्ये जॉर्ज बार्न्स यांनी शिकागो येथे बिग बिल ब्रून्झी यांच्या साथीत, तर एडी डरहॅम यांनी कॅन्सस सिटी फाइव्ह या गटाबरोबर विद्युत गिटार वाजवली. ख्रिश्चन यांची पहिली ध्वनिमुद्रणे १९३९ सालची आहेत.

ईएस-१५० गिटारमधील दांडीसारख्या पिकअपला आज ‘चार्ली ख्रिश्चन पिकअप’ असे म्हणतात. त्यामुळे तो त्यांनीच तयार केला असाही समज होतो. हे नाव मात्र त्यांच्या प्रसिद्धीमुळे मागाहून पडले.

ख्रिश्चन यांचे खरे श्रेय वेगळे आहे. गिटार तोवर प्रामुख्याने तालाची साथ करीत असे. त्यांनी तिच्यावर सॅक्सोफोनसारख्या दीर्घ, एकेरी स्वरांच्या ओळी रचल्या. हिंदुस्थानी संगीतात ज्याला उपज म्हणतात तिच्याशी जवळीक असलेली ही तत्क्षणी रचना त्यांनी मोठ्या वाद्यवृंदाच्या गजरातही स्पष्ट ऐकू येईल अशा रीतीने सादर केली.

गुडमन यांच्याशी पहिली भेट

संगीतनिर्माते जॉन हॅमंड यांनी पियानोवादक मेरी लू विल्यम्स यांच्या शिफारशीवरून ख्रिश्चन यांचे वादन ओक्लाहोमा सिटीत ऐकले आणि ऑगस्ट १९३९ मध्ये त्यांना कॅलिफोर्नियात बोलावून घेतले. बेव्हर्ली हिल्स येथील व्हिक्टर ह्यूगो या उपाहारगृहात गुडमन यांच्या नकळत त्यांना रंगमंचावर बसवण्यात आले, गुडमन यांनी ‘रोज रूम’ ही रचना सुरू केली आणि ती चाळीस मिनिटांहून अधिक काळ रंगली, अशी कथा सांगितली जाते. तिचा मुख्य आधार हॅमंड यांच्या आठवणी हा आहे. हॅमंड हे प्रत्यक्षदर्शी होते, त्याचप्रमाणे या कथेतील एक प्रमुख पात्रही होते. म्हणून मिनिटांचा आकडा मोजलेला काळ म्हणून न देता त्यांचे कथन म्हणून देणे उचित ठरते. गुडमन यांच्या षट्कासह ‘रोज रूम’चे ध्वनिमुद्रण २ ऑक्टोबर १९३९ रोजी झाले. तत्कालीन तबकडीच्या मर्यादेमुळे ते सुमारे तीन मिनिटांचे आहे.

न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये हॅमंड यांनी भरवलेल्या ‘फ्रॉम स्पिरिच्युअल्स टू स्विंग’ या दोन मैफलींबाबतही गल्लत होते. पहिली मैफल १९३८ साली आणि दुसरी २४ डिसेंबर १९३९ रोजी झाली. ख्रिश्चन यांचा सहभाग केवळ दुसऱ्या मैफलीत होता.

मिंटन्स येथील ध्वनिमुद्रणे

हार्लेममधील मिंटन्स प्लेहाउस येथे रात्री उशिरा चालणाऱ्या बैठकांतून पुढे बीबॉप ही शैली विकसित झाली. मे १९४१ मध्ये जेरी न्यूमन या विद्यार्थ्याने तेथील काही बैठका सोबत नेता येणाऱ्या तबकडीयंत्रावर मुद्रित केल्या. ख्रिश्चन यांचे दीर्घ वादन ऐकण्यासाठी ही मुद्रणे अमोल आहेत, कारण त्यांत तीन मिनिटांचे बंधन नाही.

यांतील सर्वांत प्रसिद्ध वादन ‘स्विंग टू बॉप’ या नावाने प्रकाशित झाले. हे नाव प्रकाशनाच्या वेळी दिलेले असून मूळ रचना एडी डरहॅम व एडगर बॅटल यांची ‘टॉप्सी’ ही आहे. काउंट बेसी यांच्या वृंदाने ती १९३७ मध्येच मुद्रित केली होती. ‘स्विंग टू बॉप’ ही ख्रिश्चन यांची रचना असल्याचे लिहिल्यास डरहॅम यांच्यावर दुहेरी अन्याय होतो: विद्युत गिटारच्या इतिहासातील त्यांचे स्थान जाते आणि रचनाकार म्हणून असलेले श्रेयही जाते. शिवाय, १९४१ मधील वादक आपण नव्या शैलीकडे वळत आहोत असे जाणीवपूर्वक जाहीर करीत होते, असा चुकीचा निष्कर्ष त्या नावावरून निघू शकतो.

आजार, मृत्यू आणि समाधी

ख्रिश्चन यांना क्षयरोग होता. मार्च १९४१ मध्ये त्यांनी गुडमन यांच्या वाद्यवृंदासह ‘सोलो फ्लाइट’ मुद्रित केले. त्याच वर्षाच्या मध्यास त्यांना स्टेटन आयलंडवरील सीव्ह्यू रुग्णालयात दाखल करण्यात आले आणि तेथेच २ मार्च १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. क्षयरोगावरील पहिले परिणामकारक प्रतिजैविक स्ट्रेप्टोमायसिन हे १९४३ साली, म्हणजे त्यानंतरच्या वर्षी, शोधले गेले.

त्यांचे दफन बॉनम येथील गेट्स हिल दफनभूमीत झाले. अनेक दशके कबरीवर नाव नव्हते. १९९४ साली तेथे नामफलक व स्मारकफलक उभारण्यात आले. तथापि ते चुकीच्या जागी असून प्रत्यक्ष दफन जवळच्या एका काँक्रीटच्या लादीखाली असल्याचे २०१३ मध्ये फॅनिन काउंटीने मान्य केले.

वारसा

वेस माँटगोमेरी, बार्नी केसेल, हर्ब एलिस आदी पुढील पिढीतील गिटारवादकांवर ख्रिश्चन यांचा प्रभाव होता. १९९० साली त्यांचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश करण्यात आला.