रजा प्रवास सवलत : दिल्लीतील कर्मचाऱ्याला समुद्रकिनारा कोणत्या वाटेने गाठता येतो

नवी दिल्ली : राजधानी क्षेत्रातील केंद्रीय कर्मचाऱ्याच्या कुटुंबासाठी समुद्रकाठचा निवांत आठवडा हा प्रथम हवामानाचा नव्हे, तर सेवानियमांचा विषय असतो. हजरत निजामुद्दीनहून कोकणाकडे जाणाऱ्या मंगला लक्षद्वीप एक्सप्रेसने रत्नागिरी गाठण्यास एक दिवस आणि एक रात्र तरी मोडते. चार जणांच्या कुटुंबाचे जाण्यायेण्याचे भाडे हाच सहलीच्या अंदाजपत्रकातील मोठा आकडा ठरतो आणि तो भार उचलते ती रजा प्रवास सवलत, म्हणजेच सर्वतोमुखी असलेली 'एलटीसी'.

केंद्रीय नागरी सेवा (रजा प्रवास सवलत) नियम, 1988 हा या सवलतीचा आधार आहे. चार कॅलेंडर वर्षांचा एक गट धरला जातो. त्यात दोन वर्षांतून एकदा स्वग्रामी जाता येते. या दोन स्वग्राम प्रवासांपैकी एकाच्या बदल्यात देशात कोठेही जाण्याची मुभा आहे. नव्याने सेवेत आलेल्यांना पहिल्या आठ वर्षांत अधिक उदार वागणूक मिळते. त्यांना प्रत्येक चार वर्षांत तीन वेळा स्वग्राम आणि एकदा भारतात कोठेही जाता येते.

येथेच मूळच्या दिल्लीकराची अडचण सुरू होते. ज्याचे मुख्यालय आणि स्वग्राम एकच आहे, त्याला स्वग्रामाची सवलत उरत नाही. मालवणहून दिल्लीत येऊन नोकरी करणारा कर्मचारी चार वर्षांत दोनदा सरकारी भाड्याने समुद्र पाहू शकतो, तर दिल्लीतच वाढलेल्या त्याच्या शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला ती संधी चार वर्षांत एकदाच मिळते. स्वग्रामाची नोंद सेवेत एकदाच आणि तीही विशेष कारणाने बदलता येते. त्यामुळे रुजू होताना भरलेल्या त्या एका रकान्याचा परिणाम निवृत्तीपर्यंत टिकतो.

सवलतीत मिळते ते केवळ भाडे. हॉटेल, जेवण, स्थानिक फिरणे, दैनिक भत्ता यांपैकी काहीही नाही. भारतीय रेल्वेच्या पर्यटन महामंडळाची किंवा राज्य पर्यटन महामंडळाची सहल घेतली, तरी तिच्यातील प्रवासभाड्याचा हिस्सा वेगळा दाखवला असेल तरच तेवढी रक्कम परत मिळते. स्वतःच्या मोटारीने अथवा खासगी टॅक्सीने दिल्ली ते गोवा असा हौशीचा प्रवास केल्यास दावा टिकत नाही. सार्वजनिक वाहतूक पोहोचत नाही अशा ठिकाणी मात्र स्वयंप्रमाणपत्रावर कमाल 100 किलोमीटरचे खासगी वाहनभाडे मान्य होते. रेल्वे स्थानकापासून दूर असलेल्या किनारी वाड्यांसाठी ही तरतूद उपयोगी पडू शकते.

विमानाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सातव्या वेतन आयोगानंतर 2017 मध्ये प्रवासाची पात्रता वेतनस्तराला जोडण्यात आली. कार्यालयीन दौऱ्यावर स्तर 6 ते 8 मधील कर्मचारी विमानाने जाऊ शकतो, पण रजा प्रवास सवलतीत त्याला ती मुभा नाही. मंत्रालयांतील सहायक कक्ष अधिकारी हे पद स्तर 7 मध्ये येते. म्हणजे हाच अधिकारी सरकारी बैठकीसाठी गोव्याला विमानाने जाईल, मात्र मुलांना घेऊन त्याच गोव्याला निघाला, तर वातानुकूलित द्वितीय श्रेणीच्या रेल्वे डब्याइतकेच भाडे त्याच्या पदरात पडेल. विमानाने जाण्यास मनाई नाही, वरचा फरक त्याने सोसायचा. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी 2023 पासून उड्डाणे सुरू झाल्याने दक्षिण कोकण दिल्लीला वेळेच्या दृष्टीने जवळ आले. पण या मधल्या वर्गाच्या खिशाला ते तितकेच दूर राहिले.

याला एक ठळक अपवाद आहे. ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, लडाख तसेच अंदमान-निकोबार येथे जाण्यासाठी विमानप्रवासाची विशेष शिथिलता देण्यात आली असून, तिची मुदत 25 सप्टेंबर 2026 पर्यंत वाढवलेली आहे. एरवी विमानास पात्र नसलेला कर्मचारीही कोलकाता, चेन्नई यांसारख्या ठिकाणांपर्यंत आपल्या श्रेणीने रेल्वेने जाऊन तेथून पुढे श्री विजयपुरमपर्यंत इकॉनॉमी वर्गाने उडू शकतो. (पोर्ट ब्लेअरचे हे नाव सप्टेंबर 2024 पासूनचे.) एक स्वग्राम प्रवास यासाठी बदलून घेता येतो, अर्थात स्वग्राम आणि मुख्यालय वेगळे असेल तरच. परिणाम असा की, बंगालच्या उपसागरापलीकडील स्वराज द्वीपचा राधानगर किनारा नियमांच्या हिशेबात तारकर्लीपेक्षा सोपा ठरतो. दुर्गम प्रदेशांतील पर्यटनाला चालना देण्याचा सरकारचा हेतू समजण्याजोगा असला, तरी कोकणाच्या वाट्याला असा हात कधी आलेला नाही.

देशाबाहेरच्या किनाऱ्यांचे काय? थायलंड असो वा कॅरिबियन बेटे, उत्तर नकारार्थी आहे आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटली आहे. भारतीय स्टेट बँकेच्या काही कर्मचाऱ्यांनी देशातील ठिकाण दाखवून वाटेत परदेशवारी केली होती. एक मार्ग तर दिल्ली, मदुराई, कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर, कोलंबो आणि पुन्हा दिल्ली असा होता. केवळ भारतातील अंतराचे भाडे दिले असल्याने ही रक्कम करमुक्त असल्याची बँकेची भूमिका होती. प्राप्तिकर खात्याने ती अमान्य केली, दिल्ली उच्च न्यायालयानेही खात्याची बाजू उचलून धरली आणि 4 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँकेचे अपील फेटाळले. ही सवलत भारतातील एका ठिकाणाहून भारतातीलच दुसऱ्या ठिकाणी, तीही जवळच्या मार्गाने जाण्यासाठी आहे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. मदुराईला जाण्यासाठी सिंगापूर लागत नाही, हे खरे तर नकाशावरही दिसत होते.

करसवलतीचा मुद्दा आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. प्राप्तिकरातील ही सूट जुन्या करप्रणालीतच मिळते. नवी प्रणाली निवडणाऱ्याला भाड्याची भरपाई मिळेल, पण तिच्यावर कर लागेल.

रजेचे गणित मात्र कर्मचाऱ्याच्या बाजूचे आहे. पाच दिवसांच्या आठवड्यात पाच दिवसांची नैमित्तिक रजा घेतली, तर दोन्ही टोकांचे शनिवार-रविवार धरून नऊ दिवस हाती येतात. नुसत्या सुट्टीच्या दिवसांत, रजा न घेता केलेला प्रवास मात्र ग्राह्य धरला जात नाही. शिवाय प्रत्येक सवलतीसोबत 10 दिवसांच्या अर्जित रजेचे रोखीकरण करता येते, सेवाकाळात एकूण 60 दिवसांपर्यंत. प्रत्यक्ष घेतलेल्या रजेच्या प्रकाराशी वा दिवसांशी त्याचा संबंध नाही, फक्त खात्यावर किमान 30 दिवस अर्जित रजा शिल्लक राहायला हवी. समुद्रकाठच्या खोलीचे भाडे बहुतेक घरांत याच पैशातून निघते.

कोकणाची निवड करणाऱ्यांनी ऋतूही पाहावा. पावसाळ्यात मालवण परिसरातील जलक्रीडा व सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, तर 1 जून ते 31 जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस बंदी असल्याने ताटातली ताजी मासळीही आटते. दिल्लीतील शाळांची उन्हाळी सुट्टी बरीचशी याच दिवसांत येते.

प्रवासापूर्वी भाड्याच्या 90 टक्क्यांपर्यंत अग्रिम रक्कम मिळते. ती घेतली असल्यास परतल्यानंतर एका महिन्यात आणि न घेतल्यास तीन महिन्यांत दावा सादर करावा लागतो. खोटा दावा सिद्ध झाल्यास शिस्तभंगाच्या कारवाईसोबत पुढील दोन सवलतीही गमवाव्या लागतात. 2022-25 या गटातील न वापरलेला प्रवास वाढीव मुदतीत 31 डिसेंबर 2026 पर्यंत करता येईल. अंदमानच्या विमानाची शिथिलता त्याआधी तीन महिने संपत आहे.