विवाह, वित्त आणि इंग्रजी कादंबरी

जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या १८१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या कादंबरींतील मिसेस बेनेट या बाईंना हंसण्याची वाचकांची जुनी रीत आहे. घरांत पांच उपवर मुली, आणि आईच्या मुखीं अहोरात्र एकच विषय: आसपास कोण अविवाहित गृहस्थ राहावयास आला आणि त्याचें वार्षिक उत्पन्न किती? लेखिकेनेंही या बाईंचा उथळपणा मोठ्या मिस्किलपणें रंगविला आहे. परंतु हंसून झाल्यावर वाचकानें एक लहानसा हिशेब मांडून पाहावा, म्हणजे त्यांची घाई निराळी दिसूं लागते.

बेनेट यांच्या जमीनजुमल्याचें उत्पन्न सालीना २,००० पौंड. त्या काळीं एवढ्यावर एक कुटुंब प्रतिष्ठेनें राहूं शके. पण ही इस्टेट पूर्वजांनीं पुरुष-वारसाच्या शाखेला बांधून ठेवलेली होती. या व्यवस्थेला इंग्रजींत 'एन्टेल' म्हणत. बेनेट यांना मुलगा नाहीं. तेव्हां त्यांचे डोळे मिटतांच राहतें घरसुद्धां कॉलिन्स नांवाच्या दूरच्या नातलगाकडे जावयाचें. मुलींसाठीं उरतो तो आईच्या विवाहाच्या वेळीं करारानें राखून ठेवलेला ५,००० पौंडांचा ठेवा. म्हणजे प्रत्येकीला १,००० पौंड, तेही आईच्या पश्चात्. शेंकडा चार व्याजानें त्याचे वर्षाला ४० पौंड होतात. डार्सीचें वार्षिक उत्पन्न मात्र १०,००० पौंड आहे. या आंकड्यांत केवळ हांव नाहीं, भय आहे.

सुशिक्षित घरच्या मुलीनें स्वतःच्या पायांवर उभें राहावें, तर मार्ग कोणता होता? विद्यापीठें स्त्रियांना बंद होतीं, वकिली-वैद्यकी बंद होती, आणि दुकान चालविलें तर कुळाची प्रतिष्ठा जाई. उरे ती श्रीमंतांच्या मुलांना शिकविणाऱ्या गव्हर्नेसची नोकरी. शार्लट ब्राँटेच्या १८४७ सालच्या 'जेन एअर' या कादंबरीची नायिका अशीच एक शिक्षिका आहे, आणि तिचें वेतन सालीना ३० पौंड आहे. ती मालकाच्या घरांत राहते, पण दिवाणखान्यांतील पाहुण्यांत तिची गणना नाहीं, आणि नोकरांतही नाहीं. या मधल्या अवस्थेचें दुःख ब्राँटे भगिनींनीं स्वतः अशा नोकऱ्या करून भोगलें होतें.

विवाहानें तरी स्त्रीला मालमत्ता मिळत होती काय? इंग्लंडच्या रूढ कायद्याप्रमाणें विवाह होतांच तिचें कायदेशीर व्यक्तित्व पतीच्या व्यक्तित्वांत विलीन होई. ब्लॅकस्टन या कायदेपंडितानें १७६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या भाष्यग्रंथांत पति-पत्नी कायद्याच्या दृष्टीनें एकच व्यक्ति असल्याचें सांगितलें आहे. व्यवहारांत ती एक व्यक्ति म्हणजे पति. पत्नीची रोकड पतीची, तिच्या जमिनीचें उत्पन्न पतीचें, तिनें श्रम करून मिळविलेलें वेतनही पतीचेंच. त्याच्या संमतीवांचून तिला मृत्युपत्र करतां येत नसे. विवाहबंधन तोडून पुन्हां विवाह करावयाचा, तर १८५७ पूर्वीं पार्लमेंटचा खास कायदा मंजूर करून घ्यावा लागे, आणि तो खर्च फार थोड्यांना झेपे. धनिक घराणीं मात्र लग्नापूर्वीं वकिलाकडून करारपत्र करवून मुलीचें धन विश्वस्तांच्या हातीं सोंपवीत, आणि चान्सरी न्यायालय अशा कराराला मान देई. ज्यांच्यापाशीं वकिलाला द्यावयास पैसा नव्हता, त्यांच्या मुलींना हें संरक्षण नव्हतें.

या कायद्याच्या प्रकाशांत पाहिलें असतां इंग्रजी कादंबरीचें एक मर्म उलगडतें. मुलगी वडिलांच्या घरीं असतांना तिच्या हातीं सत्ता नसे, आणि पतीच्या घरीं गेल्यावरही नसे. या दोन घरांच्या मधल्या उंबरठ्यावर, मागणी आल्यापासून उत्तर देईपर्यंत, काय तो तिचा शब्द शेवटचा ठरे. त्या एका 'नाहीं'मध्यें तिचें सारें स्वातंत्र्य सांठविलेलें असे. म्हणूनच ऑस्टिनच्या कथांत तलवारी चमकत नाहींत, तरी वाचकाचा श्वास रोखला जातो. कॉलिन्सला नकार देणारी एलिझाबेथ आपलें राहतें घर टिकविण्याची संधि झुगारीत असते. तिची मैत्रीण शार्लट ल्यूकस सत्तावीस वर्षांची आहे. ती त्याच कॉलिन्सला होकार देते. तिला त्याच्याविषयीं प्रेम नाहीं, आणि आहे असें ती भासवीतही नाहीं. ऑस्टिनलाही हा प्रसंग अनोळखी नव्हता. १८०२ च्या डिसेंबरांत एका इस्टेटीच्या वारसाला तिनें रात्रीं होकार दिला आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो परत घेतला. पुढें १८०५ सालीं वडील वारल्यावर आई व बहिणीसह तिला भावांच्या साहाय्यावर राहावें लागलें. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क तिनें ११० पौंडांना विकले.

या व्यवस्थेची झळ पुरुषांनाही लागे. इस्टेट अखंड राहावी म्हणून ती थोरल्या मुलाला मिळे. धाकट्यांनीं चर्च, लष्कर किंवा श्रीमंत वधू शोधावी. 'जेन एअर'मधील रॉचेस्टर हा असाच धाकटा मुलगा. त्याचें लग्न जमैकांत ३०,००० पौंडांच्या हुंड्यासाठीं लावून देण्यांत येतें, आणि त्यांतून दोन आयुष्यांचा नाश होतो. जेन त्याला सोडून जाते, आणि काकाच्या वारशानें मिळालेल्या २०,००० पौंडांतील आपला चौथा हिस्सा पदरांत घेऊन स्वाधीन स्त्री म्हणून परत येते. पण निराळें करारपत्र नसेल, तर तें धनही लग्नाच्या दिवशीं पतीचेंच व्हावयाचें, ही विसंगति तत्कालीन कायद्याचीच होती.

ही विसंगति कादंबरीच्या पानांवरून पार्लमेंटच्या दारीं गेली. १८५६ सालीं विवाहित स्त्रियांना मालमत्तेचा हक्क मिळावा असा अर्ज बार्बरा ली स्मिथ हिच्या पुढाकारानें सादर झाला. त्यावर सह्या करणाऱ्यांत कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल होती. कायद्याप्रमाणें तिच्या लेखणीची मिळकतही पतीचीच होती. त्या खेपेस यश आलें नाहीं. १८७० च्या कायद्यानें पत्नीला स्वतःच्या कमाईवर हक्क मिळाला, आणि १८८२ च्या कायद्यानें सर्व मालमत्तेवर. या दोन कायद्यांच्या दरम्यान, १८७१-७२ सालीं, जॉर्ज इलियटची 'मिडलमार्च' प्रसिद्ध झाली. तींत कॅसॉबन हा विद्वान पति मृत्युपत्राला अशी पुरवणी जोडतो कीं, विधवेनें एका विशिष्ट तरुणाशीं लग्न केल्यास तिचा वारसा जावा. डोरोथिया ती इस्टेट सोडते आणि त्या तरुणालाच वरते. मृत पतीच्या सत्तेलाही 'नाहीं' म्हणतां येतें, पण त्याची किंमत मोजावी लागते, हें इलियटनें दाखविलें.

पुढें १९२५ च्या कायद्यांनीं, मृत्युपत्र नसल्यास थोरल्या मुलालाच जमीन देण्याची वहिवाटही मोडली. कायदे गेले, कादंबऱ्या राहिल्या. आणि त्यांत शार्लट ल्यूकसही राहिली. एलिझाबेथला डार्सी मिळतो, पण असा डार्सी किती जणींच्या वांट्यास येणार? शार्लट आपल्या नव्या घरांत बसण्यासाठीं मागच्या बाजूची साधी खोली पसंत करते. एलिझाबेथला प्रथम त्याचें नवल वाटतें, मग कारण उमगतें: पुढच्या खोलींतून रस्ता दिसतो, तेथें कॉलिन्स रमतो, आणि मागच्या खोलींत त्याचें येणें कमी होतें. ज्या स्त्रीच्या नांवावर कांहींच नव्हतें, तिनें घराच्या मागील बाजूस आपल्यापुरती एवढी जागा मिळविली होती.