बाळागोळी आणि गिरणीचा भोंगा

आमच्या परळ-लालबागमध्ये आता बाळागोळी पाहिलेलं माणूस सापडणं कठीण. माझ्या आजीने ती पाहिली होती, वापरलीही होती. आजी कापडगिरणीत वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती. तिच्या सांगण्याप्रमाणे गोळी मोहरीहून थोडी मोठी, काळपट. दुधाच्या थेंबात बोटाने विरघळवायची आणि बाळाच्या जिभेला चाटवायची, सकाळचा भोंगा व्हायच्या आत. मग दुपारपर्यंत बाळ हूं की चूं करत नसे. गोळीत अफू असते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

 

गोळी देणाऱ्या गिरणीतल्या बायकांचा दिवस कसा होता ते आधी पाहू. १९२०च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत कामगारांचा साधारण पाचवा हिस्सा बायकांचा, आणि त्या बहुतेक वाइंडिंग-रिळिंगमध्ये. कारखाने कायद्याच्या १९२२च्या दुरुस्तीनंतरही दिवसाला ११ तास आणि आठवड्याला ६० तास काम घेता येई. मजुरी उक्त्यावर, म्हणजे बाळाला पाजायला उठलं की तेवढा पगार गेला. खाडा झाला तर बायकांवर देखरेख करणाऱ्या नाईकिणीची बोलणी वेगळी. घर म्हणजे चाळीतली एक खोली. मूल सांभाळायला सात-आठ वर्षांची थोरली बहीण, नाहीतर शेजारची म्हातारी, आणि तिच्याकडे आधीच चार पोरं. एक रडायला लागलं की चारही रडणार. गोळी आईइतकीच त्या म्हातारीचीही गरज होती.

सरकारने १९२१-२२मध्ये डॉ. बार्न्स या बाईंना गिरणीतल्या बायकांची पाहणी करायला नेमलं. या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी जवळजवळ सगळ्यांना अफू दिली जाते, असं त्यांना आढळलं. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या हजार जन्मांमागे सहाशेच्या वर अर्भकं दगावली होती. गिरणीतल्या बायकांची बरीच बाळंतपणं कोकणात, गावी होत. त्यामुळे जन्म तिकडे आणि मृत्यू इकडे असा घोळ या आकड्यात आहे. तो वजा केला तरी उरतं ते भयंकरच.

गोळी काय करते हे नीट समजून घ्यायला हवं. बाळ झोपतं, म्हणून दूध कमी ओढतं. पोट साफ होत नाही. अंग सुकत जातं. आणि एखादे दिवशी गोळी चुकली की खरा गोंधळ. बाळ तडफडतं, जुलाब होतात, कुशीत घेतलं तरी थांबत नाही. आईला वाटतं, पोर मुळातच किरकिरं आहे, गोळीनेच बरं राहतं. ती पुन्हा गोळी देते. बाळाचा 'स्वभाव' म्हणून जे सगळ्यांना दिसे, ते गोळीचं देणं-घेणं होतं.

साहेबांच्या कागदांत याचं खापर आईच्या अडाणीपणावर फुटे. मला हे अजिबात पटत नाही. गावाकडेही काही घरांत गुटीच्या सहाणेवर अफूचा एखादा वेढा उगाळला जाई, पण तो पोट दुखलं तर, असं आजी म्हणे. भोंग्याला बांधलेली रोजची गोळी ही शहराची देणगी. आईला सगळं कळत होतं. तिच्याकडे वेळ नव्हता.

त्याच काळात, ट्रामने थोड्या अंतरावर, दादरला वेगळंच चाललं होतं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या आणि १९३६पासून हिंदू कॉलनीत शिशुविहार चालवू लागल्या. मुलाला मारू नका, भीती घालू नका, त्याच्या हाताला काम द्या, हे त्या पालकांना सांगत. शंभर टक्के खरं. पण ते ऐकायला आई दुपारी घरी तर हवी!

आईच्या त्या वेळासाठी लढले ते निराळे लोक. १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली. आईला बाळंतपणाच्या आगेमागे विश्रांती मिळणं देशाच्याच हिताचं आहे, हे त्यांचं म्हणणं. १९२९मध्ये कायदा झाला. दिवसाला आठ आणे, काही आठवडे. १९३१च्या अहवालात कामगारविषयक रॉयल कमिशनने गिरण्यांत पाळणाघरांचा आग्रह धरला.

आजीच्या गिरणीत पाळणाघर आलं तेव्हा बायका बिचकत होत्या. कुणाच्या हातचं, कुणाची नजर! आजीने धाकटीला, म्हणजे माझ्या आत्याला, तिथे ठेवलं. तिथल्या बाईने अट घातली: गोळी बंद. पहिले काही दिवस पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. मधल्या सुट्टीत आजी पाजायला जाई तेव्हा ती छातीला चावे. मग हळूहळू रांगू लागली, वाट्या भिरकावू लागली, दुसऱ्या पोरांचे केस ओढू लागली. "वांड झाली गो," असं आजी सांगे, आणि सांगताना तिचा चेहरा फुलून येई.

मी पुढे पाळणाघरच चालवलं. "आमचं बाळ फार शांत, अजिबात त्रास देत नाही," असं कुणी कौतुकाने म्हणालं की मी आधी त्याच्या झोपेची आणि दुधाची चौकशी करते. चांगलं वागणं म्हणजे गप्प बसणं, हे माप मोठ्यांनी स्वतःच्या सोयीने काढलेलं आहे.

१९४८च्या कारखाने कायद्याने पन्नासाहून जास्त बायका असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सक्तीचं केलं, १९७६मध्ये ही अट तीसवर आणली. तोवर गिरण्यांत बायकाच थोड्या उरल्या होत्या. १९८२च्या संपानंतर गिरण्याही गेल्या. आज ऑफिसात, मॉलमध्ये काम करणाऱ्या आयांसाठी प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने आलेला नियम आहे: पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. तुमच्या कचेरीत पन्नास माणसं असतील, तर ते पाळणाघर कुठे आहे, हे उद्याच विचारा. बापांनीही विचारा.