चंबळेचे पाणी आणि एका जलचराचे दप्तर

इतिहासाची साधने म्हटली की आपणांस ताम्रपट, शिलालेख, मोडी रुमाल आठवतात. मी आज एका जलचराचे यकृत त्यांच्या पंक्तीस बसवू इच्छितो.

आपल्या महूजवळील जानापावच्या डोंगरावर चंबळ उगम पावते. नागदा, कोटा ही कारखान्यांची नगरे मागे टाकून ती यमुनेस मिळते आणि तेच पाणी पुढे गंगेतून पाटण्यास जाते. चंबळेच्या खालच्या पात्रात व गंगेत डॉल्फिन राहतो; लोक त्यास सूंस म्हणतात. बाबराच्या आत्मचरित्रातला पाणडुक्कर बहुधा हाच.

जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा मासळीवाटे माणसांच्या मज्जासंस्थेत शिरला. तो रोग १९५६ साली उजेडात आला. त्याचे कारण मान्य करण्यास तेथील सरकारने १९६८ साल उजाडू दिले. गंगेतील डॉल्फिनांच्या शरीरांतील जड धातूंची मोजदाद कन्नन, पाटण्याचे रवींद्रकुमार सिन्हा व त्यांचे जपानी सहकारी यांनी १९९३ साली प्रसिद्ध केली.

सूक्ष्म जीवांतून लहान माशांत, त्यांतून मोठ्यांत, असे पाऱ्याचे प्रमाण चढत जाते. वारेतून तो गर्भातही उतरतो. देवमासे व डॉल्फिन यांच्या यकृतात सेलेनियमशी बांधला जाऊन तो वर्षानुवर्षे साठतो. म्हणून मी त्यास दप्तर म्हणतो. मात्र ते प्राणी मेल्यावरच उघडते. आणि तो पाऱ्याने खंगला, जाळ्याने गुदमरला की आटत्या प्रवाहाने उपाशी राहिला, याचा निवाडा तेव्हाही सोपा नसतो.

२००९ साली डॉल्फिन राष्ट्रीय जलचर ठरला. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता करारास भारताने मान्यता दिली ती २०१८ साली, तो रोग उजेडात आल्यावर ६२ वर्षांनी.