जी-२१ कोणाचा?

साल १९८७. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातलं डरहॅम, तंबाखूच्या कारखान्यांवर वाढलेलं शहर. तुम्ही ड्यूक विद्यापीठात, रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेत उभे आहात. ब्रायन कोबिल्का आणि सहकाऱ्यांनी मानवी डीएनएतून एक जनुक वेगळं काढलंय. त्याला धड नाव नाही, नुसता क्रमांक: जी-२१. अ‍ॅड्रेनॅलिन ओळखणाऱ्या बीटा-२ रिसेप्टरचं जनुक घेऊन त्याचे भाऊबंद शोधायचे होते. म्हणून डीएनएचे धागे जुळण्याच्या अटी मुद्दाम सैल ठेवल्या आणि हा लांबचा नातलग येऊन चिकटला.

तुम्ही क्रम वाचता. पेशीपटलातून सात वेळा आरपार जाणारी प्रथिनाची साखळी. जनुकात मध्ये एकही इंट्रॉन, म्हणजे प्रथिनात न उतरणारा तुकडा, नाही. रिसेप्टरच दिसतोय. पण कोणत्या रसायनाचा? ते त्या अक्षरांत कुठंच लिहिलेलं नाही, आणि शोधायचे पहिले प्रयत्न फसतात.

आता १९८८ मध्ये या. माकडाच्या मूत्रपिंडाच्या कॉस-७ पेशी बशीत वाढताहेत. त्यांत जी-२१ घाला आणि थांबा. हे उसनं जनुक वाचून पेशी प्रथिन बनवू लागतील. मग त्यांची पटलं वेगळी करा आणि त्यांवर ट्रिटियम जोडलेलं, किरणोत्सारी ८-ओएच-डीपॅट सोडा. हे रसायन सेरोटोनिनच्या १ए रिसेप्टरला घट्ट धरतं; जी-२१ तोच आहे का, हे पाहायचंय. सगळं गाळून घ्या, गाळणकागद धुवा, मोजणीच्या यंत्रात ठेवा.

आकडा चढतो. एवढ्यावर विश्वास ठेवू नका. किरणोत्सारी रेणू कागदालाही चिकटतो, नळीलाही. म्हणून दुसऱ्या नळीत तेच सगळं, आणि वर भरपूर साधं सेरोटोनिन. दोघांची जागा एकच असेल, तर इथं आकडा कोसळायला हवा. कोसळतो! आता एकेक औषध घ्या, मात्रा हळूहळू वाढवत न्या, कोणतं किती कमी मात्रेत ती जागा बळकावतं ते लिहून ठेवा. केटान्सेरिन सेरोटोनिनच्या दुसऱ्या गटातल्या रिसेप्टरला पटकन पकडतं. १ए पुढे ते दुबळं पडतं. चिकाटीनं भरलेला हा तक्ताच खरा शोध आहे, असं मला मनापासून वाटतं. क्रमावरून फक्त घराणं कळलं होतं.

लक्षणं जुळतात. जी-२१ हा माणसाचा सेरोटोनिन १ए रिसेप्टर, ४२२ अमिनो आम्लांचा. सप्टेंबर १९८८ मध्ये ‘नेचर’मध्ये ते छापून येतं. या घराण्यातल्या रिसेप्टरांवरच्या कामासाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळणार आहे. आणि चिंताविकारावरचं बस्पिरोन मुख्यतः याच रिसेप्टरवर काम करतं; त्याला अमेरिकेत १९८६ मध्येच, म्हणजे जी-२१ ची ओळख पटायच्या दोन वर्षं आधी, मान्यता मिळालेली होती.