पीक डिस्ट्रिक्टमधील विमान-अपघातस्थळे

इंग्लंडच्या मध्य-उत्तर भागातील डार्क पीक या उंच, निर्जन माळरानावर विखुरलेले लष्करी विमानांचे अवशेष. किंडर स्काउट (६३६ मी.) व ब्लीकलो (६३३ मी.) ही येथील प्रमुख पठारे. दुसऱ्या महायुद्धात आसपासच्या हवाई तळांवरून प्रशिक्षण व वाहतुकीची उड्डाणे सतत होत. दाट ढग, अचानक उतरणारे धुके व दिशाशोधनातील चुका ही अपघातांची प्रमुख कारणे होती. आपले ठिकाण नक्की करण्यासाठी ढगांखाली उतरलेली विमाने पठारावर आदळत.

ब्लीकलोजवळील जेम्सेस थॉर्न येथे १८ मे १९४५ रोजी, म्हणजे युरोपातील युद्ध थांबल्यावर अवघ्या दहा दिवसांनी, कॅनडाच्या हवाई दलाचे लँकेस्टर कोसळून सहा जण ठार झाले. त्याच परिसरात २४ जुलैला अमेरिकी डाकोटा आदळून सात जणांनी प्राण गमावले. सर्वांत परिचित अवशेष मात्र युद्धोत्तर काळातले आहेत : ३ नोव्हेंबर १९४८ रोजी स्कॅम्प्टनहून बर्टनवुडकडे निघालेले अमेरिकी बी-२९ विमान ब्लीकलोवर कोसळले व त्यातील सर्व १३ जण मृत्युमुखी पडले. तेथे स्मारकशिला आहे.

दुर्गमतेमुळे अनेक ठिकाणचे अवशेष पूर्णपणे हलविले गेले नाहीत. इंजिने व ॲल्युमिनियमचे तुकडे आजही पीटच्या दलदलीत दिसतात. १९८६ च्या लष्करी अवशेष संरक्षण कायद्यानुसार संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याविना ते हलविणे वा उत्खनन करणे हा गुन्हा आहे.