२१ मिनिटांचं मूलद्रव्य

मागच्या वर्षी आमच्या टीमसाठी भरती चालू होती. फॉर्ममध्ये पहिलीच अट होती: बीई किंवा बीटेक. ती मीच टाकली होती, फारसा विचार न करता. त्याच आठवड्यात मार्गरीत पेरेबद्दल वाचलं आणि ती अट बोचायला लागली.

पेरे १९०९ साली पॅरिसजवळ जन्मली. तिला डॉक्टर व्हायचं होतं, पण वडील लवकर गेले आणि घरात पैसे नव्हते. मग तिने रसायन तंत्रज्ञाची पदविका घेतली आणि १९२९ मध्ये, १९व्या वर्षी, पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये मुलाखतीला गेली. काळ्या कपड्यांतली एक बाई आवाज न करता आत आली. सेक्रेटरी असावी, असं पेरेला वाटलं. ती मारी क्युरी होती. नोकरी मिळाली. काम काय, तर ॲक्टिनियम शुद्ध करायचं. म्हणजे विरघळवा, स्फटिक करा, वेगळे करा, पुन्हा विरघळवा. शेकडो वेळा. आपल्याकडे याला ग्रंट वर्क म्हणतात.

आवर्तसारणीत ८७ क्रमांकाचा रकाना तेव्हा रिकामाच होता. सीझियमच्या खाली काहीतरी असणार, हे मेंडेलीव्हने आधीच सांगितलं होतं. रुसियम, व्हर्जिनियम, मोल्डाव्हियम अशी नावं देऊन बरेच जण 'सापडलं' म्हणून मोकळे झाले होते. सगळे दावे खोटे ठरले.

पेरेला ते सापडलं कारण तिचा हात जलद होता. ॲक्टिनियम-२२७ मधून थोरियम, रेडियम अशी पिलावळ सतत तयार होत असते आणि तिच्या किरणोत्सारात ॲक्टिनियमचा स्वतःचा क्षीण सिग्नल बुडून जातो. लॉगमध्ये इतका कचरा, की खरी एरर दिसतच नाही. पेरे पिलावळ झटपट वेगळी करून लगेच मोजायला बसायची. जानेवारी १९३९ मध्ये तिला दिसलं, की ताज्या ॲक्टिनियममधून निघणारे बीटा किरण वाढताहेत आणि दोनेक तासांत स्थिरावताहेत. वाढीचा हिशोब २१ मिनिटांच्या अर्धायुष्याशी जुळत होता. (आजचा आकडा २२.) तिने द्रावणात सीझियम घालून त्याचं परक्लोरेट वेगळं केलं, तर ती किरणोत्सारिता स्फटिकांबरोबर आली. म्हणजे हा सीझियमचाच भाऊबंद! ॲक्टिनियमचे शंभरातले जेमतेम १.४ अणू अल्फा कण टाकून या वाटेने जातात. संथ हाताच्या माणसाला ही वाट दिसली नसती.

मारी क्युरी १९३४ मध्येच वारल्या होत्या. देबिएर्न आणि इरेन जोलिओ-क्युरी या दोघांनाही पेरेचं काम आपल्या देखरेखीतलं वाटत होतं. पण विज्ञान अकादमीपुढे झाँ पेरँ यांनी मांडलेल्या टिपणावर नाव एकट्या पेरेचं होतं.

पदवी मात्र नव्हती. त्यामुळे डॉक्टरेटसाठी तिला सोर्बोनमध्ये आधी राहिलेले अभ्यासक्रम पुरे करावे लागले. १९४६ मध्ये प्रबंध झाला. नाव 'कॅटियम' ठेवायचं तिच्या मनात होतं, पण इंग्रजी बोलणाऱ्यांना त्यात मांजर ऐकू येईल, असा इरेनचा आक्षेप होता. मग फ्रान्सियम झालं.

हा धातू डोळ्यांनी कुणी पाहिलेला नाही. पृथ्वीच्या अख्ख्या कवचात एका वेळी अंदाजे २०-३० ग्रॅमच असतो, तोही विखुरलेला. दिसेल एवढा गोळा केला, तर स्वतःच्याच उष्णतेने वाफ होईल. अमेरिकेत स्टोनी ब्रूक इथे लेझर आणि चुंबकाच्या सापळ्यात सुमारे ३ लाख अणू धरले, हाच मोठा साठा!

फ्रान्सियमने कर्करोगाचं निदान होईल, अशी पेरेला आशा होती. ती फळली नाही, आणि किरणांनी तिचंच शरीर पोखरलं. १९६२ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीवर निवडून आलेली ती पहिली स्त्री. खुद्द मारी क्युरी १९११ मध्ये थोडक्यात हरल्या होत्या. पेरे तेव्हा आजारी होती. १९७५ मध्ये कर्करोगानेच गेली.

फॉर्ममधली अट मी काढली. एचआरचा मेल आला, 'डिग्री नसलेल्यांचे अर्ज कोण वाचणार?' मी वाचतो, असं कळवलं. आतापर्यंत ६१ आलेत, वाचून झालेत १९.